विद्यार्थ्याचा रोजमेळ

दुकान बंद करण्यापूर्वी व्यापारी गल्ला मोजतो आणि रोजमेळ लिहितो. किती आले, किती गेले, शिल्लक किती. आम्ही कापड व्यापारातील माणसे आहोत. आमच्या मते भिवंडी-मालेगावहून पुण्या-मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनाही या वहीची तितकीच गरज आहे. घरून मिळणारा पैसा थोडा असतो हे खरे. परंतु रक्कम एकदम हाती येते व खर्च दहा महिने चालतो, घोळ होतो तो येथेच. ऐन परीक्षेच्या तोंडावर मेसचे पैसे संपले तर शिक्षणावरच गदा येते.

समजा, वसतिगृहाचे शुल्क भरून झाले आहे व दहा महिन्यांसाठी ६०,००० रुपये हाती आहेत. परीक्षा शुल्क व पुस्तकांचे ८,०००, गावी येण्याजाण्याचे २,००० आणि आजारपणासाठी ५,००० प्रथम बाजूला काढावेत. उरले ४५,०००, म्हणजे महिन्याला ४,५००. मेसचे ३,००० गेले की १,५०० राहतात. दिवसाला ५० रुपये! हा आकडा जुलैतच कळला तर हात आपोआप आखडतो. फेब्रुवारीत कळून उपयोग नाही.

बाजूला काढलेली रक्कम व पुढील महिन्यांचा पैसा दुसऱ्या बँकेतील खात्यात ठेवावा आणि ते खाते मोबाईलच्या यूपीआयला जोडू नये. दर महिन्याच्या एक तारखेला ४,५०० रुपयेच खर्चाच्या खात्यात घ्यावेत. नोट मोडताना मन कचरते, मोबाईलवर मात्र चहा-नाश्त्याचे वीस-तीस रुपये कधी गेले ते कळतही नाही. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे वही लिहावी.

शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणजे पैसा आला असे धरू नये. व्यापारात उधारी वसूल होईपर्यंत ती केवळ वहीतली रक्कम असते. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. आपले खाते जोडलेले आहे की नाही, हे बँकेत जाऊन आधीच पाहून घ्यावे.

मोबाईलवर झटपट मिळणाऱ्या कर्जापासून सावध राहावे. ५,००० चे कर्ज, हाती ४,५०० आणि महिन्याने परतफेड ५,००० ची! हिशोब केला तर हा दर वर्षाला १३३ टक्के पडतो. सर्व आकार धरून वार्षिक दर किती, हे कर्जदाराला आधी सांगणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बंधनकारक केले आहे. जो तो सांगत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये.

पालकांनाही एक विनंती. शक्य असल्यास वर्षाची रक्कम एकदम न देता दरमहा पाठवा. वही जरूर पाहा, पण प्रत्येक चहाचा जाब विचारू नका, नाहीतर मुले खोटा हिशोब लिहायला शिकतील. अडचण आली तर ती सर्वप्रथम घरी कळली पाहिजे, सावकाराच्या ॲपला नव्हे.