विंडोजच्या पोटात दडलेली कामाची हत्यारं
भिंगारमध्ये झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत जुने कॉम्प्युटर चालवणाऱ्यांनो, फॉरमॅट मारण्याआधी हे बघाच. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, इंग्रजीत 'परफमॉन', मग एक जागा सोडून 'स्लॅश रेल' टाइप करा. रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. कोणत्या तारखेला कोणता प्रोग्रॅम कोसळला, तिथे लाल फुली! स्थैर्याला १ ते १० गुणही मिळतात. इतकं भारी साधन आडबाजूला का ठेवलंय, कळत नाही.

तसंच 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' उघडा. घरी प्रिंटर नसेल तर प्रिंट स्पूलर ही सेवा खुशाल डिसेबल करा. २०२१मधलं गाजलेलं 'प्रिंटनाइटमेअर' हे सुरक्षेतलं भगदाड याच सेवेतलं. फक्त ती बंद केली की 'प्रिंट टू पीडीएफ'ही बंद पडेल. दुकानदारांनी ही सेवा चालूच ठेवावी. आणि रिमोट प्रोसीजर कॉलला कुणीही हात लावू नका, अर्धं विंडोज त्यावरच चालतं.