आकाशवाटेची आकारणी

विमानाने मुंबईची धावपट्टी सोडली की ते दुसऱ्या गावी उतरेपर्यंत जमिनीवरील नियंत्रकांच्या देखरेखीखाली असते. किती उंचीवरून जावयाचे, पुढील विमानापासून किती अंतर राखावयाचे, केव्हा उतरावयाचे, हे तेच ठरवितात. त्यासाठी रडार, संदेशवहनाची साधने आणि अहोरात्र पाळीने काम करणारा प्रशिक्षित कर्मचारीवर्ग लागतो. हा खर्च विमान कंपन्यांकडून आकाराच्या रूपाने वसूल होतो व शेवटी तिकिटातून प्रवाशापर्यंत पोहोचतो.

या आकारणीचे मूलतत्त्व १९४४ च्या शिकागो कराराच्या १५ व्या कलमात आहे. केवळ आपल्या आकाशातून जाऊ दिले म्हणून कोणत्याही देशाने शुल्क घेऊ नये, तसेच परदेशी विमानाकडून त्याच प्रकारच्या स्वदेशी विमानापेक्षा अधिक आकार घेऊ नये, असे ते कलम सांगते. थोडक्यात, हा जकातनाका नव्हे. दिलेल्या सेवेचे ते मोल आहे.

मग हे मोल ठरवावयाचे कसे? युरोपातील अनेक देशांसाठी युरोकंट्रोल ही संस्था एकत्रित वसुली करते. तिची पद्धत समजण्याजोगी आहे. किलोमीटरमधील अंतराला १०० ने भागावयाचे. विमानाच्या कमाल वजनाला ५० टनांनी भागून त्याचे वर्गमूळ काढावयाचे. या दोहोंचा गुणाकार म्हणजे सेवेची एकके. ५० टनांचे विमान ८०० किलोमीटर गेले तर ८ एकके होतात, आणि २०० टनांचे विमान तेवढेच गेले तर १६. वजन चौपट, आकार मात्र दुप्पट. वस्तुतः नियंत्रकाचे श्रम दोन्ही विमानांसाठी जवळजवळ सारखेच असतात. परंतु मोठ्या विमानाची देण्याची ऐपत अधिक असते, म्हणून वर्गमूळाची ही तडजोड. एका एककाचा दर प्रत्येक देशाचा वेगळा असतो. वर्षाचा अंदाजित खर्च आणि अंदाजित एकके यांच्या भागाकारातून तो निघतो. पाणीपट्टी ठरविणाऱ्या ग्रामपंचायतीला हा हिशेब अपरिचित वाटू नये.

अडचण येते ती अंदाज चुकला म्हणजे. विमाने निम्मी झाली तरी रडार निम्मे बंद ठेवता येत नाही.

कॅनडातील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी तेथील सरकारने ही सेवा दीड अब्ज कॅनेडियन डॉलरना नॅव्ह कॅनडा या संस्थेला विकली. संस्थेला भागभांडवल नाही. तिच्या संचालक मंडळावर विमान कंपन्या, सरकार व कामगार संघटना यांनी सुचविलेल्या व्यक्ती असतात. गरजेपुरताच आकार घ्यावा असा कायदा आहे. दरबदलाची सूचना आधी द्यावी लागते व त्याविरुद्ध दादही मागता येते. चांगल्या वर्षातील शिल्लक वाईट वर्षासाठी राखून दर स्थिर ठेवण्याची तजवीजही आहे. तथापि २०२० च्या महासाथीत ही तजवीज पुरली नाही. तोटा सोसणारा भागधारक नसल्यामुळे १ सप्टेंबर २०२० पासून आकार सरासरी २९.५ टक्क्यांनी वाढविणे संस्थेला भाग पडले, आणि तेही विमान कंपन्या स्वतःच डबघाईला आल्या असताना! युरोपात उलट, त्याच वर्षी सुमारे १.१ अब्ज युरोंच्या आकाराची वसुली पुढे ढकलण्यात आली; कंपन्यांना श्वास मिळाला, पण ताण सेवा यंत्रणांच्या तिजोरीवर आला. ब्रिटनमध्ये तर २००१ मध्ये अंशतः खाजगी केलेली यंत्रणा अटलांटिकवरील वाहतूक घटताच संकटात सापडली, आणि २००३ मध्ये सरकार व विमानतळ चालविणारी बीएए कंपनी यांना प्रत्येकी साडेसहा कोटी पौंड त्यात घालावे लागले.

भारतात हे काम १ एप्रिल १९९५ रोजी स्थापन झालेल्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. २००६ मध्ये मुंबई विमानतळाचे व्यवस्थापन खाजगी कंपनीकडे गेले, तरी तेथील हवाई वाहतूक नियंत्रण प्राधिकरणानेच राखले. मार्गदर्शन सेवेचा आणि उतरण्याच्या वेळच्या सेवेचा असे दोन आकार येथे घेतले जातात. ‘उडान’ योजनेत, जिच्या पहिल्या उड्डाणांमध्ये २७ एप्रिल २०१७ चे नांदेड–हैदराबाद हेही होते, मार्गदर्शनाचा आकार नेहमीच्या दराच्या ४२.५ टक्के ठेवण्यात आला व उतरण्याच्या वेळचा आकार माफ झाला. सवलतीने खर्च मात्र घटत नाही. नांदेडच्या छोट्या विमानासाठीही नियंत्रकाला तितकेच दक्ष राहावे लागते, आणि उरलेली रक्कम प्राधिकरणाला आपल्या अन्य उत्पन्नातून भागवावी लागते.