गल्ला, देव्हारा आणि घर : तिघांचा हिशेब वेगळा ठेवा



मागच्या महिन्यात अंबडला एक दिवसाचं शिबिर घेतलं. शेवटी प्रश्नोत्तरं चालली होती. मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. वय असेल तेवीस-चोवीस. गावात पिठाची गिरणी टाकतोय, बँकेचं कर्ज मंजूर झालंय. तो म्हणाला, "सर, आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. आजोबा थकले, वडील नाहीत. यंदा पताका माझ्या खांद्यावर आहे. वीस दिवस गिरणी बंद ठेवली तर गिऱ्हाईक जाईल आणि वारी सोडली तर आजोबांचं मन मोडेल. धंदा करायचा म्हणजे देव आणि घर बाजूला ठेवावं लागतं का?"

मी काय उत्तर दिलं माहितीये? "वेळेचं नियोजन कर." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो खाली बसला. पण गाडीवरून घरी येताना मला माझीच लाज वाटली. कारण या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत आहे, आणि ते मला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मिळालेलं आहे. त्या दिवशी सांगायला जमलं नाही, म्हणून आज लिहितोय.

सप्ता झाला आणि गल्ला रिकामा झाला

माझं किराणा दुकान घनसावंगी तालुक्यात आहे. बीबीए झाल्यावर नोकरी करायची नाही असं ठरवूनच मी वडिलांच्या दुकानात बसलो. सकाळी सहाला शटर वर, रात्री दहाला खाली. मला वाटायचं, आपल्याएवढं कष्ट करणारं तालुक्यात कोणी नाही.

लग्नाला चौथं वर्ष होतं. गावात हरिनाम सप्ता होता आणि मी कमिटीत. सात दिवस मी मंडपातच होतो. गल्ल्यावर चुलतभावाला बसवलं. महाप्रसादाला तूरडाळ, गूळ, तेलाचे डबे आपल्याच दुकानातून गेले. किती गेले? बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, तो पुठ्ठा कुणीतरी चुलीत घातला. चुलतभाऊ तोंडओळखीनं उधारी देत गेला. "भाऊ आले की लिहितील" म्हणत त्यानं वही उघडलीच नाही.

आठव्या दिवशी जालन्याच्या मोंढ्यातल्या होलसेल व्यापाऱ्याचे 64,000 रुपये द्यायचे होते. गल्ला आणि खातं मिळून निघाले 26,000. म्हणजे 38,000 कमी. चेक आधीच दिलेला होता.

त्याच रात्री मला दुसरी गोष्ट कळली. सप्त्याच्या चौथ्या दिवशी माझ्या लेकीला ताप भरला होता. बायकोनं एकटीनं दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, घरी आणलं. दवाखान्याचे पैसे तिनं गल्ल्यातून घेतले, तेही कुठं लिहिलेले नव्हते. आणि मी त्या वेळी शंभर पावलांवर टाळ वाजवत होतो.

बायकोनं पाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सप्त्याला आपण किती दिलं ते सांगा." मला सांगता आलं नाही. ती म्हणाली, "मग ते दान नाही. ती गळती आहे."

पाटल्या सोडवायला अकरा महिने लागले. नंतर आम्ही दोघांनी बसून आठवून आठवून हिशेब जुळवला. महाप्रसादाला माल गेला तो अंदाजे 14,000 चा. न लिहिलेली उधारी 9,000. आणि वर्षभर घरात "घे गल्ल्यातून" म्हणत गेलेले 15,000. बेरीज करा : बरोबर 38,000. देवानं मला बुडवलं नव्हतं आणि गिऱ्हाईकानंही नव्हतं. माझ्या तीन खराब सवयींनी मिळून बुडवलं होतं.

आपल्याच जिल्ह्यातले दोन भाऊ

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात आहे. 1608 ची रामनवमी, सूर्याजीपंत ठोसरांचं घर, मूळ नाव नारायण. लग्नात 'सावधान' ऐकलं आणि नारायण मंडपातून निघून गेला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकताना आपल्या डोक्यात एक हिशेब पक्का बसतो : देव पाहिजे तर घर सोडायचं.

पण त्या घरात दोन मुलं होती, हे आपण विसरतो. थोरले गंगाधरपंत घरीच राहिले. त्यांनी संसार केला, आई राणूबाईंना सांभाळलं, गावचं काम पाहिलं आणि देवाचंही केलं. लोक त्यांना 'श्रेष्ठ' म्हणत, रामी रामदास म्हणूनही ते ओळखले जातात. 'भक्तिरहस्य' आणि 'सुगमोपाय' हे ग्रंथ त्यांनी घरात राहूनच लिहिले. मित्रांनो, तुम्ही-आम्ही नारायणाच्या जागेवर नाही. आपण गंगाधरपंतांच्या जागेवर आहोत. आपल्याला मंडप सोडून पळायची सोय नाही.

आणि गंमत बघा. जो मंडपातून निघून गेला, त्यानंच दासबोधात संसारी माणसाला सांगितलं की आधी प्रपंच नीट कर, मग परमार्थ. अकराव्या दशकातल्या तिसऱ्या समासात तर दिवस कसा घालवावा हेच सांगितलंय. सकाळी उठून पाठांतर, मग स्नान, पूजा, मग आपला कामधंदा. धंद्याबद्दलचं सांगणं दुकानदारानं काउंटरवर चिकटवावं असं आहे : आपल्या व्यवहारात सावध राहा, लक्ष ठिकाणावर नसेल तर लहान पोरसुद्धा तुम्हाला फसवून जाईल. सप्त्याच्या आठवड्यात माझं नेमकं हेच झालं होतं. फक्त मला फसवणारं पोर मीच होतो.

दुसरं उदाहरण तुकोबांचं. देहूत त्यांच्या घरची महाजनकी होती, वाण्याचं दुकान होतं. 1630 च्या आसपासच्या मोठ्या दुष्काळात धंदा बसला, पहिली बायको गेली. पुढं त्यांनी लोकांकडच्या कर्जाची खतं इंद्रायणीत सोडली, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. पण परंपरा त्याच्या पुढचंही सांगते : आधी खतांचे दोन भाग झाले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याला दिला आणि तुकोबांनी फक्त स्वतःचा वाटा बुडवला. म्हणजे विरक्ती आली तरी भावाच्या पैशाला हात लावला नाही. मी मात्र सप्त्याला देताना बायकोचा वाटा, लेकीचा वाटा आणि होलसेलवाल्याचेसुद्धा पैसे देऊन बसलो होतो.

मग मी काय बदललं?

मोठं काही नाही. पाच सवयी लावल्या. पण एकदम नाही, एकेक करून.

पहिली : उधारी हातातून माल सुटायच्या आधी लिहायची. "नंतर लिहितो" हा शब्द दुकानातून हद्दपार. याचं गणित बघा. किराण्यात शंभर रुपयांमागे आठ रुपये सुटतात असं धरा. न लिहिल्यामुळे 1,000 रुपये बुडाले, तर ते भरून काढायला 12,500 रुपयांचा माल विकावा लागतो. दोन सेकंदांच्या आळसाची ही किंमत आहे. गिऱ्हाईकाला वाईट वाटत नाही बरं का. उलट वही समोर लिहिली की त्याचाही विश्वास बसतो.

दुसरी : स्वतःला पगार. दुकानाचं चालू खातं वेगळं, घराचं बचत खातं वेगळं. काउंटरवर क्यूआर कोड फक्त चालू खात्याचा. महिन्याच्या 1 तारखेला ठरलेली रक्कम घरच्या खात्यात जाते. गल्ल्यातून दूध नाही, भाजी नाही, मुलीची वहीसुद्धा नाही. घरात जो माल लागतो तो बायकोच्या नावानं उधारीच्या वहीत लिहिला जातो आणि महिन्याला चुकता होतो. सुरुवातीला आईला फार राग आला. "घरच्याच दुकानात उधारी?" म्हणून दोन दिवस बोलली नाही. आता तीच सगळ्यांना सांगते.

तिसरी : देवाचं खातं. ही कल्पना माझी नाही, मोंढ्यातल्या जुन्या पेढ्यांची आहे. त्यांच्या वहीत 'धर्मादाय' नावाचं वेगळं खातं असायचं, व्यवहारातून थोडी रक्कम त्यात जायची. माझ्या शेजारी मोबाईल दुरुस्तीवाले चाचा आहेत, ते वर्षातून एकदा हिशेब करून बचतीवर अडीच टक्के जकात काढतात. धर्म कोणताही घ्या, शहाण्या माणसानं देण्याचं माप ठरवलेलं आहे. मी रोज रात्री गल्ला मोजल्यावर ठरलेली रक्कम वेगळ्या डब्यात टाकतो. सप्ता, भंडारा, गणपतीची वर्गणी, कुणाच्या आजारपणाला मदत, सगळं त्यातून. डबा संपला की हात जोडायचे आणि खरं सांगायचं, "यंदा एवढंच." पहिल्या वर्षी हे म्हणताना जीभ जड झाली. पण गेल्या सप्त्याला मी किती दिलं हे मला रुपयापर्यंत सांगता येतं. आता ते दान आहे.

चौथी : वेळेची पाटी. त्याच चाचांचं दुकान शुक्रवारी दुपारी एक ते सव्वादोन बंद असतं. गेली कित्येक वर्षं. गिऱ्हाईक चिडत नाही, कारण त्याला वेळ पाठ आहे. चिडतं ते कधी उघडं, कधी बंद असणाऱ्या दुकानावर. मी पाटी लावली : सकाळी सात ते रात्री नऊ, रविवारी दुपारनंतर बंद. भीती वाटत होती. दोन महिने रविवारचा गल्ला कमी आला, मग लोक शनिवारी सामान भरायला लागले. त्या रविवारी संध्याकाळी अर्धा तास मी आणि बायको वही घेऊन बसतो. बाकीचा वेळ लेकीचा.

पाचवी : दिवाळीच्या पाडव्याला वर्षाचं कॅलेंडर. वहीपूजन झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार रंगांनी खुणा करतो. सण आणि उत्सव, दुकानाची तेजी-मंदी, बँकेचे हप्ते आणि जीएसटीच्या तारखा, मुलीच्या परीक्षा. आपल्याकडे कापूस, सोयाबीन विकलं की उधारी वसूल होते, पेरणीच्या वेळी वाढते. हे दरवर्षीच होतं, मग दरवर्षी अचानक कसं येतं? खुणा केल्या की रामनवमी आणि मोठं पेमेंट एकाच आठवड्यात येतंय का ते सहा महिने आधीच दिसतं.

एकवीस दिवसांचं काय?

बरेच ट्रेनर सांगतात, एकवीस दिवस करा, सवय लागते. मीही आधी सांगायचो. ते बरोबर नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली असंही नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी आळस आला तर "आपल्याला जमत नाही" म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

माझंही चुकतं. गेल्या दिवाळीच्या गर्दीत चार रविवार बायकोसोबत बसलोच नाही. पाचव्या रविवारी तिनं वही आणून ताटाशेजारी ठेवली. जेवण झाल्यावर आधी हिशेब, मग झोप.

आणि त्या मुलाचं उत्तर

मी त्याचा नंबर शोधून फोन केला. "नियोजन कर म्हणालो, ते चुकलं माझं. आपण नीट बोलू." तासभर बोललो. आजोबांना समोर बसवून स्पीकर लावायला सांगितलं. ठरलं असं : गिरणीचं पहिलं वर्ष आहे, हप्ते चालू आहेत, म्हणून यंदा पूर्ण वारी नाही. पताका चुलते घेऊन जातील. तो शेवटी वाखरीला जाऊन दिंडीत मिसळेल, पताका खांद्यावर घेईल आणि आषाढीला पंढरपुरात असेल. एकूण चार दिवस. त्या चार दिवसांची पाटी महिनाभर आधी गिरणीवर लागेल. आईला गिरणी चालवायला आत्तापासून शिकवायची, म्हणजे पुढच्या वर्षी जास्त दिवस जाता येईल. वारीचा खर्च आजपासून रोज वेगळ्या डब्यात.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मीबी पेरणी उरकूनच निघायचो, बाबा. पेरणी टाकून कधी गेलो नाही." मुलगा हसला. त्याला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, आजचा गृहपाठ सोपा आहे. आज रात्री गल्ला मोजाल तेव्हा तीन डबे शेजारी ठेवा. एक दुकानाचा, एक घराचा, एक देवाचा. कुणाचा किती, हे घरातल्या माणसांना विचारून ठरवा. आणि पहिला रुपया टाकताना बायकोला, नवऱ्याला, आईला जवळ बसवा.

भेटू पुढच्या लेखात. सावध राहा, आनंदात राहा!