चिठ्ठीवरचा शिक्का

संध्याकाळी सातनंतर मीरा रोडला लोकलमधून माणसं उतरतात आणि पूर्वेकडच्या मेडिकलांसमोर गर्दी उसळते. अशाच एका काउंटरमागे मी स्टूल टाकून बसले होते.

कंबरेवर हात ठेवलेल्या चाळिशीतल्या गृहस्थांनी ट्रामाडॉल मागितली. फार्मासिस्टताईंनी चिठ्ठी आधी उलटी केली. मागे दुसऱ्या मेडिकलचा शिक्का होता, तारीख चार दिवसांपूर्वीची आणि गोळ्या दहा दिवसांच्या.

“दादा, इतक्यात संपल्या?”

ते काउंटरवर वाकले. “दोन-दोन घ्याव्या लागतात, ताई. नाही घेतली की घाम फुटतो, झोप लागत नाही.”

ताई रागावल्या नाहीत. चिठ्ठीवरच्या नंबरावर डॉक्टरांना फोन लावला, गृहस्थांनाच बोलायला दिलं. गोळी दिली नाही. “उद्या सकाळी जा. मनाने एकदम बंद करू नका, आणि झोपेची गोळी तर सोबत अजिबात नको, श्वास मंदावतो.”

ट्रामाडॉल अफूच्या जातीचं वेदनाशामक. १ मार्च २०१४ पासून ते शेड्यूल एच-वनमध्ये आहे: पाकिटावर लाल चौकटीत इशारा, विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, संख्या. हे रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. २०१८ मध्ये हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं.

पण रजिस्टर एका दुकानाचं. दुसऱ्या दुकानात गेलं की तिथल्या वहीला पहिल्याचं काही ठाऊक नसतं. अमेरिकेत अशा औषधांची विक्री राज्याच्या संगणकात नोंदली जाते, दुसऱ्या दुकानालाही दिसते. आपल्याकडे दुकानातून दुकानात फिरते ती फक्त चिठ्ठी. म्हणून मला त्या जांभळ्या शिक्क्याचं मोल रजिस्टरहून जास्त वाटतं.

थोड्या वेळाने एक मुलगी आली, वडिलांना कॅन्सर. तीच गोळी. ताईंनी चिठ्ठी पाहिली, रजिस्टर भरलं, शिक्का मारला आणि पूर्ण पाकीट तिच्या हातात ठेवलं. भीतीपोटी खऱ्या वेदनेला औषध नाकारणं हेही त्यांना चुकीचंच वाटतं.

चिठ्ठी मागितली म्हणून मेडिकलवाल्याशी वाद घालू नका. शिक्का मारू द्या. घरात कुणाला गोळीची सवय लागल्याची शंका असेल, तर केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४४६ आहे.