तुर्की चित्रपटांतील स्त्री

ज्या कलेचा सारा व्यवहार डोळ्यांशीं, तिच्याविषयीं केवळ कानांशीं बोलावयाचें, ही अडचणीची गोष्ट खरी. परंतु तुर्कस्थानांतील विचारी चित्रपटांत स्त्री कशी दिसते यापेक्षां ती कितपत ऐकूं येते, हाच प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि त्या प्रश्नाला नभोवाणी कांहीं परकी नाहीं.

एक प्रसंग सांगतों. नूरी बिल्गे जेलान या दिग्दर्शकाचा 'कोणे एके काळीं आनातोलियांत' हा २०११ सालचा चित्रपट. माळरानांत पुरलेलें प्रेत शोधीत पोलीस, सरकारी वकील, डॉक्टर आणि खुनाचा आरोपी रात्रभर मोटारींतून हिंडत आहेत. थकूनभागून ते एका खेड्यांत मुख्ताराच्या, म्हणजे आपल्या भाषेंत गांवच्या पाटलाच्या, घरीं उतरतात. इतक्यांत वीज जाते. अंधारांतून मुख्ताराची तरुण मुलगी दिवा आणि चहाचे पेले ठेवलेलें तबक घेऊन येते. दिव्याचा उजेड तिच्या मुखावर पडलेला. एकेक पुरुष मान वर करून पाहतो आणि स्तब्ध होतो. आरोपीला तर रडूं कोसळतें. एवढें रूप या आडगांवीं कोमेजून जाणार, अशी हळहळ मागाहून पुरुष करतात. तिला स्वतःला काय वाटतें, हें विचारण्याचें मात्र कोणालाहि सुचत नाहीं.

याच चित्रपटांत आणखी एक स्त्री आहे. ती तर पडद्यावर येतच नाहीं. आपल्या मृत्यूचा काळ आधीं सांगून बरोबर त्याच वेळीं मरण पावलेल्या एका सुंदर स्त्रीचें नवल सरकारी वकील डॉक्टरला ऐकवितो. डॉक्टर शांतपणें विचारतो, शवचिकित्सा झाली होती काय? मग एकेक धागा सुटूं लागतो. पतीचा व्यभिचार, हृदयविकाराच्या गोळ्या. आणि ती स्त्री म्हणजे वकिलाचीच पत्नी, हें त्याच्या उतरत जाणाऱ्या चेहऱ्यावरून आपणांस उमगतें. तिच्या आत्महत्येला त्यानें चमत्कार करून ठेविलें होतें! जेलान स्त्रीला मुकी ठेवतो हा आक्षेप म्हणूनच मला सर्वस्वीं पटत नाहीं. पुरुषांचा बहिरेपणा तो दाखवितो. तथापि तो दाखविण्यासाठींहि बोलावें लागतें पुरुषांनींच, ही उणीव राहतेच.

ही तऱ्हा जुनी आहे. यिल्माझ ग्युनेय यानें तुरुंगांतून लिहिलेल्या आणि शेरीफ ग्योरेन यानें दिग्दर्शित केलेल्या 'योल' या चित्रपटाला १९८२ सालीं कान येथील सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालें. त्यांतील झीनेला कुळाच्या अब्रूसाठीं महिनोन्महिने साखळीनें बांधून ठेविलेलें आहे, आणि तिला संपविण्याची अपेक्षा तुरुंगांतून रजेवर आलेल्या नवऱ्याकडून! ती बर्फांत प्राण सोडते. पण चित्रपटाची कणव तिच्यापेक्षां त्याच्याकडे अधिक झुकते, असें मला वाटलें. आतिफ यिल्माझ याच्या १९८५ सालच्या 'तिचें नांव वासफिये' या चित्रपटांत तर या प्रकाराचाच विषय झाला आहे. एकामागून एक पुरुष वासफियेची कथा सांगतो, प्रत्येकाची वासफिये निराळी, आणि खरी कोणती तें शेवटपर्यंत हातीं लागत नाहीं.

जेलानच्या २०२३ सालच्या चित्रपटांत मात्र बाँबस्फोटांत पाय गमावलेली एक शिक्षिका जेवणाच्या मेजावर एका आत्मसंतुष्ट पुरुषाशीं दीर्घकाळ वाद घालते आणि त्याला निरुत्तर करते. ती भूमिका करणाऱ्या मेर्वे दिझदार हिला कान येथें सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें. जेलानची पत्नी एब्रू ही या कथेच्या लेखनांत सहभागी आहे, हें येथें नमूद केलें पाहिजे.

पण मला सर्वांत आवडला तो पेलिन एस्मेर या दिग्दर्शिकेचा २००५ सालचा 'ओयुन', म्हणजे 'नाटक', हा अनुबोधपट. तोरोस पर्वतांतील आर्स्लानक्योय गांवच्या नऊ कष्टकरी बायका शेतांतलीं कामें आटोपून जमतात आणि आपल्याच आयुष्यावर नाटक बसवितात. कोणी आपलें लग्न सांगते, कोणी मारझोड. सांगतां सांगतां हसूं फुटतें, आणि त्यांतूनच प्रवेश तयार होतो. नाटकमंडळींत पुरुष कोणी नाहीं. तेव्हां नवऱ्याचें सोंगहि बायकोनेंच घ्यावयाचें!