भिंतीपलीकडचे भाडेकरू

रात्री पाऊण वाजता भिंतीपलीकडे भांडी घासायला सुरुवात व्हायची. मग खुर्च्या ओढल्याचा आवाज, मग स्पीकरवर गाणी. आमचे घर नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला, रो हाऊसच्या रांगेत आहे. शेजारच्या आणि आमच्या घराला भिंत एकच. शेजारचे घरमालक पुण्याला राहतात. जानेवारीच्या शेवटी त्यांनी ते घर पाच मुलांना भाड्याने दिले. मुले धुळे-नंदुरबारकडची, अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणारी. रात्री साडेबाराला ती घरी यायची आणि त्यांची संध्याकाळ तेव्हा सुरू व्हायची.

आमच्याकडे सासूबाईंचे हृदयाचे ऑपरेशन झालेले आणि थोरली मुलगी दहावीला. एकदा जाग आली की सासूबाईंना फजरपर्यंत डोळा लागत नसे. मुलगी सकाळी पुस्तकावर पेंगायची. पहिल्या आठवड्यात आम्ही भिंतीवर थापा मारल्या. दोन मिनिटे शांतता, पुन्हा तेच. दुसऱ्या आठवड्यात मुलांच्या अब्बूंनी गॅलरीतून ओरडून सांगितले. पलीकडून हसण्याचा आवाज आला. रमजान सुरू झाला, तेव्हा मी सरळ घरमालकांना फोन लावला.

त्यांनी माझे पुरते ऐकलेही नाही. "भाभी, काळजी करू नका. महिनाअखेर खाली करायला लावतो."

मला हायसे वाटले. सासूबाईंना सांगितले, तर त्यांच्या बोटांतली तसबीह थांबली.

"तू त्या पोरांशी एकदा तरी बोललीस?"

"भिंत वाजवली की!"

"भिंत वाजवणं म्हणजे बोलणं नव्हे, बेटी."

मी गप्प झाले. बारा वर्षांपूर्वी याच शहरात आम्ही दोन महिने भाड्याचे घर शोधत होतो. फोनवर भाडे ठरायचे, डिपॉझिट ठरायचे, आणि नाव सांगितले की मालकांकडे अचानक पाहुणे राहायला येणार असायचे. एका घरातून तर कारण न सांगता महिनाभरात निघायला लावले होते. कुकर आणि गाद्या टेम्पोत टाकून आम्ही रात्री नणंदेकडे गेलो होतो. सासूबाई ते विसरल्या नव्हत्या. मी विसरले होते. एका फोनवर मी पाच मुलांचे छप्पर हलवले होते आणि त्यांच्यातल्या एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते.

दार वाजवले तेव्हा

मुलांच्या सुट्टीच्या दिवशी असरनंतर मी शेवयांचा डबा घेऊन गेले. दार उघडणाऱ्या मुलाचा चेहरा उतरलेला होता. मालकांचा फोन त्यांना आला होता.

"काकू, आम्ही जातो दुसरीकडं. फक्त पगार होईपर्यंत थांबू द्या."

मी आत बसले. दहावीची परीक्षा, सासूबाईंचे ऑपरेशन, सगळे सांगितले. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. भिंत वाजली की आपल्याला भांडायला बोलावतात, असे त्यांना वाटायचे. थोड्या वेळाने त्यांच्यातला धाकटा चाचरत म्हणाला, "काकू, एक सांगू? पहाटे चारला तुमच्याकडं मिक्सर लागतो. मग पाण्याची मोटर. आम्ही तर अडीचला झोपतो. पण आम्ही कधी काही बोललो नाही."

मला काय बोलावे सुचेना. सहरीच्या तयारीत आपला आवाज कुठवर जातो, याचा विचार मी कधीच केला नव्हता. आमच्या घरात पहाट होत होती, तेव्हा त्यांच्या घरात मध्यरात्र होती.

तिथेच बसून ठरले. रात्रीची भांडी त्यांनी भिजवून ठेवायची आणि दुपारी कामावर जाण्याआधी घासायची. गाणी इअरफोनवर. खुर्च्यांच्या पायांना रबराच्या टोप्या. मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणायची. आम्ही मिक्सरचे काम इशाच्या आधी उरकायचे आणि मोटर सकाळी नऊनंतर लावायची. एकमेकांचे फोन नंबर घेतले. संध्याकाळी मी मालकांना फोन करून आधीचे बोलणे मागे घेतले आणि मुलांना राहू द्यावे, अशी विनंती केली.

त्यानंतर सगळे गोड झाले, असे नाही. क्रिकेटचा सामना असला की आरडाओरडा व्हायचाच. पण आता भिंत वाजवावी लागत नसे, फोनवर एक ओळ लिहून पाठवली की पुरे. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री मात्र ती पाचही जणे मांजराच्या पावलांनी घरात शिरली. त्या रात्री सासूबाई सहरीपर्यंत झोपल्या.

सबर म्हणजे सोसत बसणे नव्हे

कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये, ३६व्या आयतीत, नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भलेपणाने वागण्याची आज्ञा आहे. तिथे तो घराचा मालक की भाडेकरू, हा भेद नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शेजाऱ्याला आपल्यापासून त्रास न होणे याचा संबंध थेट ईमानशी जोडला. ही शिकवण आपण बहुधा शेजाऱ्याला लावून बघतो. ती आधी स्वतःला लावावी. आपला टीव्ही, आपल्या मुलांची धावपळ, लग्नघरातले आपले स्पीकर पलीकडे कसे ऐकू जातात, हे एकदा विचारून पाहावे.

पण सगळेच शेजारी या मुलांसारखे नसतात. दोनतीनदा शांतपणे सांगूनही फरक पडला नाही, तर सोसत बसण्याची गरज नाही. मात्र पायऱ्या चुकवू नयेत.

पहिली पायरी समोरासमोर बोलण्याची. आवाज चालू असताना, रात्री चिडून जाऊ नये. दुसऱ्या दिवशी जावे. "तुम्ही फार गोंधळ घालता" असे म्हणण्यापेक्षा "साडेबारानंतर भांड्यांच्या आवाजाने आईंना जाग येते" असे नेमके सांगावे.

दुसरी पायरी घरमालक. कोणत्या तारखेला, किती वाजता, कसला आवाज झाला हे वहीत लिहून ठेवावे आणि तेच त्यांना दाखवावे. शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये, अशी अट भाडेकरारात बहुधा असतेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम १६ मध्येही शेजाऱ्यांना उपद्रव देणारे वर्तन हे भाडेकरूकडून जागा परत मिळवण्याचे एक कारण मानले आहे. म्हणूनच हा फोन जपून करावा. आपण समज द्यायला सांगतो आहोत की घर सोडायला लावतो आहोत, हे मालकांना स्पष्ट सांगावे.

तिसरी पायरी सोसायटी. असेल तर सचिवांना लेखी पत्र द्यावे.

शेवटची पायरी पोलीस. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. त्रास असह्य झाला, तर ११२ क्रमांकावर फोन करता येतो. मोबाइलवरच्या ॲपने आवाज मोजला, तर तो अंदाजच समजावा.

आणि एक गोष्ट मुळीच करू नये. आवाजाच्या भांडणात जात, धर्म, गाव आणू नये. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "ती मुले" म्हणून लिहू नये आणि दहा माणसे जमवून दारात जाऊ नये. स्पीकरचे भांडण स्पीकरचेच राहिले, तर दोन दिवसांत मिटते. त्याला दुसरा रंग लागला, तर सगळ्या गल्लीला पुरून उरते. आणि अशा वेळी घर शोधायला पुन्हा कोणाला निघावे लागते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

जूनमध्ये त्यातली दोन मुले चाकणला नोकरी लागली म्हणून गेली. जाताना सासूबाईंच्या पाया पडायला आली, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, "तिकडं घर मिळालं का रे?"