पाण्याच्या वेळापत्रकाचं गाव : राजापूर

उन्हाळे गावातल्या गोमुखाखाली पहिल्यांदा हात धरला, की तो आपोआप मागे येतो. दुसऱ्यांदा धरला की टिकतो आणि तिसऱ्यांदा माणूस सरळ डोकंच पुढे करतो. पाणी चाळीस अंशांच्या थोडं वर, म्हणजे विसण न घालता अंगावर घेता येईल असं. मी गेलो तेव्हा श्रावणातली सकाळ होती. वरून गार पावसाची झोड आणि पाठीवर गरम धार. शेजारी एक आजोबा डोळे मिटून गुडघ्यावर पाणी घेत बसले होते. अर्ध्या तासाने उठले, पंचा पिळला, झटकला आणि म्हणाले, “रोजचा आहे हा कार्यक्रम. हे पाणी कधी सुट्टी घेत नाय.”

राजापूर समजायला हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. कारण या गावातलं बाकीचं सगळं पाणी सुट्टी घेणारं, येऊन-जाऊन राहणारं आहे. खाडीची भरती येते आणि जाते. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या पावसाळ्यात बाजारात शिरतात आणि ओसरतात. आणि वर टेकडीवरची गंगा तर मनाला येईल तेव्हा प्रकटते. कायमचं आहे ते फक्त राजापूरपासून थोड्या अंतरावरचं हे गरम पाणी. त्यानेच शेजारच्या या गावाला उन्हाळे हे नाव दिलं. शेजारी महालक्ष्मीचं देऊळ आहे.

कोकणात अशा उन्हाळ्यांची एक ओळच आहे. पालघर-ठाण्याकडची वज्रेश्वरी, गणेशपुरी, मग खाली दापोली-खेडकडची उन्हवरे, संगमेश्वराजवळची आरवली, तुरळ, राजवाडी, आणि या ओळीचं दक्षिण टोक राजापूर. इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. आज पाठीवर पडणारी धार फार जुन्या पावसाची असते, हे कळल्यावर तिच्याखाली उभं राहणं वेगळंच वाटतं.

टेकडी चढून वर गेलं की गंगातीर्थ. एखादा मित्र बऱ्याच दिवसांनी दारात उभा राहिला, की आपण त्याला राजापूरची गंगा म्हणतो. त्या म्हणीतली गंगा ही. जांभ्या दगडाचं आवार, त्यात चौदा कुंडं : सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड, बाणकुंड, वरुणकुंड, शिवाय यमुना, सरस्वती, गोदा, नर्मदा, कृष्णा, भीमा अशी नद्यांची नावं घेतलेली. काशीकुंडावर गोमुख आहे आणि मूळ गंगा वडाच्या मुळाशी. एरवी ही कुंडं कोरडी असतात. मग एके दिवशी कुणाला तरी पाणी दिसतं, बातमी गावात पोचते आणि दोन दिवसांत एसट्या भरभरून येऊ लागतात. साधारण दर तीन वर्षांनी यायचं आणि तीनेक महिने राहायचं, हा तिचा जुना रिवाज. अलीकडच्या वर्षांत तो मोडला आहे. ती लवकर येते, कधी अनेक महिने मुक्काम करते. आधी उन्हाळ्याच्या गरम पाण्यात स्नान, मग गंगेचं, मग धूतपापेश्वराचं दर्शन, असा यात्रेकरूंचा क्रम आहे.

गंगा कशी आली याची गोष्ट गावात अशी सांगतात : गंगाजी साळुंके नावाचा कुणबी नेमाने पंढरीची वारी करायचा. म्हातारपणी पाय थकले आणि वारी चुकणार म्हणून तो शेतात रडत बसला, तेव्हा गंगाच त्याच्या शेतात आली. भूगोलाचे अभ्यासक वक्रनलिकेची उपपत्ती मांडतात. जांभ्याच्या सड्याखाली पोकळ्यांत पाणी साठत राहतं, ठरावीक पातळी गाठली की नळी सुरू झाल्यासारखं वाहू लागतं आणि साठा उपसला गेला की थांबतं. मला दोन्ही गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. पाणी कसं येतं ते दुसरी सांगते. पण ते कष्टकऱ्याच्या शेतातच यावं असं लोकांना का वाटलं, ते पहिलीतच सापडतं. कवी मोरोपंतांनाही या जागेने लिहितं केलं. ‘गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन’ हे त्यांचं काव्य याच गंगेवरचं.

पण गंगेला आलेला यात्रेकरू बहुधा टेकडीवरूनच परत फिरतो आणि खाली वसलेलं शहर त्याला दिसतच नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. अर्जुनेच्या खाडीवर, समुद्रापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत असलेलं हे एकेकाळचं मोठं बंदर. तोंडाशी जैतापूर आणि पाठीशी अणस्कुऱ्याचा घाट. घाटावरून बैलांच्या तांड्यांनी मिरी आणि कापड उतरायचं आणि इथून गलबतांनी अरबस्तानापर्यंत जायचं. आदिलशाहीच्या या बंदरात सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली. फ्रेंचांचीही होती.

१६६० साली आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने शिवाजी महाराज असलेल्या पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन तिकडे गेला आणि इंग्रजांचं निशाण फडकावून गडावर मारा केला. व्यापाऱ्याने युद्धात पडायचं नाही हा साधा नियम त्याने मोडला. महाराज ते विसरले नाहीत. १६६१ च्या मार्चमध्ये ते राजापुरावर आले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. सुटकेला जवळपास दोन वर्षं लागली. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हाही राजापूरच्या नुकसानभरपाईचा विषय बोलण्यात होताच. वखारीची भक्कम दगडी इमारत एकोणिसाव्या शतकात सरकारी कचेरी म्हणून वापरात होती.

१८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये राजापूरची नोंद मोठ्या आस्थेने केलेली आहे. कोकणातलं सगळ्यात जुनं दिसणारं आणि सगळ्यात चांगलं टिकलेलं शहर, चढणीच्या अरुंद गल्ल्या, फरसबंदी आणि वर छप्पर असलेली बाजारपेठ. अरबांची गलबतं थेट येतात असं जिल्ह्यातलं हे एकच बंदर उरलं आहे, असंही तिथे म्हटलंय. आणि लगेच पुढे : मोठी जहाजं मात्र आता जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत.

त्या तीन मैलांत राजापूरची पुढची सगळी कथा आली. कुठल्याही लढाईने केलं नाही ते गाळाने केलं. डोंगरउतारावरची माती दर पावसाळ्यात खाली आली, पात्र उथळ झालं आणि बंदर गावाला सोडून गेलं. तीच माती आजही नडते. वरून अर्जुना-कोदवलीचा लोंढा आणि खालून खाडीचं उधाण एकाच वेळी आलं, की पाण्याला जागाच उरत नाही आणि ते जवाहर चौकात येतं. अलीकडे नदीतला गाळ उपसला गेला. ते काम दरवर्षीचं झालं पाहिजे आणि त्याहून आधी वरच्या डोंगरातली झाडं राहिली पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं.

पाण्याशी शहाणपणाने कसं वागावं, हेही याच गावात पाहायला मिळतं. कोदवलीला इंग्रजी अमदानीतलं एक धरण आहे, लोक त्याला सायबाचं धरण म्हणतात. तिथून गावाला पाणी उताराने येतं, पंप लागत नाही. आणि वर सड्यावर, बारसू आणि देवाचे गोठणे इथे, त्याहून कितीतरी जुन्या माणसांनी कातळात कोरलेली चित्रं आहेत. त्यांच्यासाठी मात्र एक अख्खा दिवस वेगळा काढावा.

बाजारात एका कापडाच्या दुकानात पंचा घ्यायला थांबलो. राजापुरी पंचा म्हणून जो आपल्याकडे घरोघरी पोचला, तो इथूनच घ्यावा अशी फार दिवसांची इच्छा होती. दुकानदाराने चार पंचे पसरून दाखवले. त्याच्या मागच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मातकट रेघ होती, आणि तिच्या वर वीतभर अंतरावर दुसरी. खालच्या फळ्या सगळ्या रिकाम्या होत्या.

“माल वर चढवलाय,” तो म्हणाला. “अमावास्या आलीय ना, उधाण असेल.” मग पंच्याची घडी घालता घालता त्याने विचारलं, “गंगेवर जाऊन आलात?”

मी म्हटलं, “गेलो होतो, पण ती आलेली नाही. उन्हाळ्यावर आंघोळ केली.”

“मग झालं की,” तो म्हणाला आणि पंचा कागदात न बांधता तसाच माझ्या ओल्या खांद्यावर टाकला.